बोटीला बोटभर वजन

गिस्लां व्हेर्मोरेल फ्रान्समधल्या कालव्यावरच्या ज्या बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर, जन्मला त्याच बार्जवर आता नोकरीला होता, आणि सगळं गाव म्हणे की गड्याने नशीब काढलं.

बापाच्या काळी बोटीचं नाव होतं ‘मार्सेलीन’, म्हणजे गिस्लांच्या आईचंच. तेव्हा बोटीच्या पोटात कधी गहू असे, कधी कोळसा, पण बहुतेक वेळा ओली खडी. माणूस चालेल त्या वेगाने जाते म्हणून लोक बोटवाल्यांना हसत. पुढे ट्रक आले, धंदा बसला आणि एका कंपनीने बोट विकत घेतली. सहा शयनगृहं आणि सहा न्हाणीघरं घातली, नाव ठेवलं ‘सोनेरी हंगाम’, आणि जाहिरात केली की आमची बोट माणूस चालेल त्याच वेगाने जाते. आता त्या चालीसाठी मेलबर्नचे दंतवैद्य वर्षभर आधी जागा राखून ठेवतात. संध्याकाळी त्यांना बर्गंडीची पांढरी वाइन चाखायला देतात आणि सांगतात, हिला ओल्या दगडाचा गंध आहे. मंडळी डोळे मिटून माना डोलावतात. त्याच जागेवर गिस्लांने वीस वर्षं ओला दगड वाहिला, तेव्हा वास घ्यायला एक दंतवैद्य फिरकला नव्हता.

सुकाणू मात्र कंपनीने त्याच्याच हाती ठेवलं, कारण एवढं धूड कालव्याच्या अरुंद दरवाज्यांतून भिंतीला न घासता नेणारा दुसरा मिळेना. त्याला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आणि चपटी टोपी दिली. असली टोपी त्याच्या सात पिढ्यांत कोणी घातली नव्हती, पण पाहुण्यांना ती अस्सल वाटे.

आई शहाऐंशीची. पोन-सेर्व्हो गावच्या बुटक्या पुलाजवळ, कालव्याच्या काठावरच्या वृद्धाश्रमात राहायची. दर बुधवारी बोट पुलाखालून जाई तेव्हा ती काठाशी खुर्ची टाकून बसे. गिस्लां टोपी हलवी, ती हात हलवी, आणि तिचं स्वतःचं घर तिच्यासमोरून निघून जाई.

हंगाम संपला की बोट कायमची दक्षिणेच्या कालव्यावर जाणार होती. आई फोनवर म्हणाली होती, “एकदा आतून बघायचीय रे. मग खुशाल जाऊ दे.”

गिस्लांने व्यवस्थापक क्लोतिल्दबाईंना तीनदा विचारलं.

“नातलगांना परवानगी नाही, गिस्लां. नियम आहे. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं.”

“ती सदतीस वर्षं इथे राहिलीय, मादाम.”

“हो ना, किती गोड! ते आपण माहितीपत्रकात घातलंय.”

शेवटच्या फेरीच्या मंगळवारी गिस्लां पाण्याची टाकी भरायला विसरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. पाहुणे दिवसातून दोनदा टबात डुंबणारे, त्यामुळे टाकी पार तळाला गेली. बुधवारी जेवणाच्या सुमारास त्याने पोन-सेर्व्होच्या पुलासमोर बोट थांबवली.

“जात नाही,” तो म्हणाला. छताचा नवा कठडा पुलाच्या कमानीपेक्षा बोटभर उंच होता.

क्लोतिल्दबाई धावत आल्या. चार वाजता द्राक्षमळ्यात खास बैठक होती, सहा जणांसाठी सहा प्रकारच्या वाइन उघडून ठेवलेल्या. “मग सामान उतरवा. बोट हलकी झाली की जाईल.”

गिस्लांने हसू दाबलं. काठावरची माणसं काठावरचीच. “हलकी झाली की बोट वर येते, मादाम. आत्ता ती हलकी आहे म्हणून तर अडलीय. वजन हवं. चाळीसेक माणसं चढली तर जमेल.”

“चाळीस माणसं मी आणू कुठून?”

गिस्लांने नुसतं वृद्धाश्रमाकडे पाहिलं.

पाव तासात अख्खा वृद्धाश्रम काठ्या टेकत फळीवरून बोटीवर आला. एका आजोबांनी चढल्या चढल्या चीजची थाळी मांडीवर घेतली. दुसरे म्हणाले, “आमचं वजन हवंय ना? मग रिकाम्या पोटी कसं भरणार?” पाहुण्यांनी खरेखुरे गावकरी म्हणून त्यांचे फोटो काढले. अवघडल्यासारखं कुणालाच झालं नाही.

मार्सेलीन सगळ्यांत शेवटी आली. जिथे तिचा स्वयंपाकाचा ओटा होता तिथे आता टॉवेल गरम करायचं यंत्र होतं. तिने भिंतीवरून हात फिरवला, एक जुना खिळा बोटांना लागला, आणि ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मग सुकाणूच्या खोलीत येऊन गिस्लांशेजारी बसली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणं कोरडं ठणठणीत होतं.

“तळात पंपाने कालव्याचं पाणी घेतलं असतंस तर आपसूक खाली बसली असती. तुझा बाप तेच करायचा.”

“सुचलं नाही, आई.”

“हं. आणि टाकी?”

“विसरलो.”

“टोपी काढ ती. वेडगळ दिसतोस.”

त्याने टोपी काढली. बोट पुलाखाली शिरली. कठडा आणि दगड यांच्यातून जेमतेम उजेड दिसत होता. पलीकडे निघाल्यावर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी वाइन मागितली.

क्लोतिल्दबाई घड्याळ बघत आल्या. “झालं ना? मग या सगळ्यांना इथेच उतरवू या.” पण टाकी भरायला विसरणाऱ्या गिस्लांच्या शब्दावर आता त्यांचा भरवसा राहिला नव्हता. म्हणून त्यांनी म्हातारीलाच विचारलं, “आजी, तुम्हाला हा कालवा पाठ आहे. पुढचा पूलही इतकाच बुटका आहे का हो?”

पुढचा पूल याहून चांगला हातभर उंच होता. मार्सेलीनने त्याच्याखालून काही नाही तरी हजारदा बोट नेली होती.

“त्याहून बुटका आहे, पोरी,” ती म्हणाली, “आणि त्याच्या पुढचा तर विचारूच नको.”