मेट्रनबाईंचं ऑपरेशन

मेट्रनबाई वॉर्डात शिरल्या की पेशंटसुद्धा पांघरूण नीट करून पडत, अशी त्यांची ख्याती. एकतीस वर्षं त्यांनी त्या हॉस्पिटलात काढली होती. निम्म्या नर्सेस त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या धाकाने. अशा बाईच्या पित्ताशयात खडे व्हावेत हे कोणालाच पटेना. रिपोर्ट पुढे करताना डॉक्टर इतके ओशाळले होते, की जणू खडे त्यांनीच नेऊन ठेवलेत.

ऑपरेशन ठरलं. बाईंनी जनरल वॉर्डातली खिडकीजवळची खाट मागितली. तिथे सकाळपासून गलका असतो, शेजारची आजी सुनेच्या कागाळ्या सांगते, मावशी फरशी पुसता पुसता सगळ्यांच्या घरचं विचारून घेते. "छे छे, तुम्ही आणि जनरलमध्ये?" असं म्हणत सगळ्यांनी मिळून त्यांना कॉरिडॉरच्या टोकाची स्पेशल खोली दिली. धुतलेले पडदे, कोरी चादर, टेबलावर फुलदाणी. मान दिला म्हणायचं आणि माणसाला वाळीत टाकायचं, याचा इतका नीटनेटका नमुना दुसरीकडे सापडायचा नाही.

आदल्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला होता. "ताई, मी येतो ना. रजा टाकतो."

"तू येऊन काय दिवे लावणार आहेस? इथे सगळी माझीच माणसं आहेत."

फोन ठेवल्यावर तो पुन्हा लावावा असं त्यांना वाटलं. पण थोरल्या बहिणीने एकदा 'नको' म्हटल्यावर 'ये' कुठल्या तोंडाने म्हणायचं? लहानपणापासून त्याला धीर देण्याचं खातं त्यांच्याकडे होतं.

खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. चांगल्या घाबरल्या होत्या. हजारो माणसं त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत पाठवली होती. आत काय काय होऊ शकतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? सकाळपासून तीन नर्सेस येऊन गेल्या. दाराशी येईपर्यंत त्यांचं हसणं ऐकू यायचं, आणि दार उघडलं की शिस्तीत "गुड मॉर्निंग, मॅडम". ताप बघितला, बीपी घेतलं, की चालल्या. खोलीत स्टूल होतं, पण त्यावर टेकलं कोणी नाही. मेट्रनसमोर नर्सने बसायचं नसतं.

नऊ वाजता सगळ्यांत धाकटी नर्स ऑपरेशनपूर्वीची यादी घेऊन आली. प्रत्येक पेशंटला सतरा प्रश्न विचारायचे आणि उत्तरापुढे खूण करायची, अशी पद्धत. या पोरीने एकही प्रश्न विचारला नाही. कागद ती बाहेरूनच भरून घेऊन आली होती, सगळीकडे सुबक खुणा. तिला फक्त सही हवी होती.

बाईंनी चष्मा लावला. 'खोटे दात' या प्रश्नापुढे 'नाहीत' अशी खूण होती.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही, मॅडम. म्हणजे... तुम्हाला असलं कसं विचारायचं?"

बाईंच्या वरच्या जबड्यात सहा वर्षांपासून कवळी होती. भूल दिल्यावर ती घशात सरकली असती, तर मेट्रनबाईंचा मान राखता राखता मेट्रनबाईच गेल्या असत्या. एरवी एवढ्या चुकीला त्यांनी पोरीला फाडून खाल्लं असतं. आज त्यांना निराळंच सुचलं. यादीतला शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः भांडून घालून घेतला होता: भीती वाटते का? उत्तर 'हो' आलं, तर नर्सने हातातलं काम टाकून, आत नेईपर्यंत पेशंटजवळ बसायचं. नियमच तो. आणि नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखा.

"नवा कागद आण," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून विचार. आज मी मेट्रन नाही, पेशंट आहे."

पोरगी कागद घेऊन आली. तिने नाव विचारलं, वय विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायलात ते विचारलं. दातांचा प्रश्न आला तेव्हा बाईंनी कवळी काढून टेबलावरच्या वाटीत ठेवली. गाल आत गेले. पोरीने मान खाली घातली, बाईंना मात्र उलट हलकं वाटलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित गेलं, आता आणखी काय जायचं राहिलं होतं? प्रश्नागणिक पोरीला जोर चढत होता. बाईंनी हात लांबवून स्टूल हळूच खाटेजवळ ओढलं.

"भीती वाटते का?"

"हो," बाई म्हणाल्या. दातांवाचून शब्द बोबडा आला, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या, "खूप वाटते."

पोरीचा चेहरा एकदम खुलला.

"मॅडम, तुम्ही पण ना! परीक्षा घेताय होय माझी? मला पाठ आहे ते. 'हो' म्हणाले की काम टाकायचं आणि आत नेईपर्यंत पेशंटजवळ बसायचं. बरोबर?"

असं म्हणून तिने 'नाही'पुढे खूण केली आणि ताठ उभी राहिली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. केवढी आशा होती त्या पोरीच्या डोळ्यांत.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "शाब्बास."

त्यांनी सही केली. पोरीने कागद आणि वाटी उचलली, दार अलगद ओढून घेतलं, आणि कॉरिडॉरमधून तिचा आवाज आला, "अगं, मॅडमनी मला शाब्बास म्हटलं!"