कडीवाल्यांच्या पेटीतला कॉम्प्युटर

काकूंचा व्यवसाय लोकांची स्वयंपाकघरं सजवण्याचा. तीही खरीखुरी नव्हेत, कॉम्प्युटरवरची. फर्निचरच्या शोरूममधून मापं यायची आणि काकू त्यातून ओटा, कपाटं, खिडकीतून पडणारं ऊन, अगदी नळावरची चकाकीसुद्धा उभी करायच्या. गिऱ्हाईक चित्र बघून म्हणायचं, "अगदी हेच हवं होतं!" आणि त्याच दमात, "फक्त रंग सगळा बदला." शोरूमच्या मालकांचं एकही वाक्य 'जरा'शिवाय सुरू होत नसे. जरा फ्रीज डावीकडे घ्या. जरा ऊन कमी करा. जरा आजच द्या.

हे सगळं काम आतल्या खोलीत, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या भल्यामोठ्या डब्यावर चालायचं. आणि काका आतल्या खोलीत बसायचे नाहीत. घोडं तिथंच अडलं होतं.

काका म्हणजे कडीवाले. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपं विकत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रस्त्यावर काढली. दुकानात पाऊल टाकलं की गल्ल्यावरून हाक यायची, "या कडीवाले, आज काय नवीन?" आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी सांगता येत नसे. लेकीचं नाव कधी सापडायचं, कधी हरवायचं. काकू डोळ्यांसमोर असल्या की सगळं ठीक. नसल्या की ते शोधायला निघायचे आणि काय शोधतोय ते वाटेत विसरायचे. सकाळी गॅलरीत, दुपारी स्वयंपाकघरात, उन्हं उतरली की जिन्याजवळच्या खुर्चीत, असा त्यांचा मुक्काम हलायचा. एकदा काकू आत कुणाच्या तरी कपाटांना दारं लावत होत्या, तेव्हा काकांनी चहासाठी गॅस सोडला आणि काडेपेटी शोधायला दुसऱ्याच खोलीत गेले. वास आला तो नेमका दारात आलेल्या लेकीला.

"आई, प्लीज," लेक म्हणाली. तिचं 'प्लीज' म्हणजे टेबलावर आपटलेला हात. "तू आत, बाबा बाहेर. किती दिवस? ती जागा खरंच चांगली आहे गं. नर्स आहेत, बाग आहे."

"बागेचं काय करायचंय त्यांना? घरातली कुंडी ओळखू येत नाही."

"म्हणूनच म्हणतेय ना! आई, प्लीज. पुन्हा असं काही झालं तर मी विचारत बसणार नाही. गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन."

लेक काही वैरीण नव्हती. जाताना तिनं बाबांच्या शर्टाची चुकलेली बटणं नीट लावली आणि जिन्यात जाऊन नाक पुसलं. त्यामुळे तर काकूंना तिच्यावर धड रागावताही येईना.

लेकीनं आपला जुना लॅपटॉप दिला. काकूंनी त्यावर एकच ओटा उघडला. लॅपटॉप धाप लागल्यासारखा घरघरला आणि नळ अर्धा काढून गप्प झाला. असलं काम पेलणारा नवा घेण्याची ऐपत नव्हती. मग काकूंनी मनाशी ठरवलं, डबाच उचलता येईल असा करायचा. काका जिथं, कॉम्प्युटर तिथं.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानदारानं ऐकून मान तिरकी केली. "बघा कसं आहे, मॅडम. हा टेबलावर ठेवायचा प्राणी. ह्याला हिंडवायचा नसतो."

"आणि घरातलं माणूस हिंडत असेल तर?"

"बघा कसं आहे, मग माणसाला बसवायचं!" असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला.

काकू हसल्या नाहीत. "ग्राफिक्स कार्ड आडवं घालायचंय, त्याला लांब केबल द्या. आणि मदरबोर्डाखाली लावायच्या पितळी खुंट्या."

आता हे सगळं मावणार कशात? मापं घेताघेता काकूंची नजर माळ्यावर गेली. तिथं काकांची नमुन्यांची पेटी होती. जाड पत्र्याची, दणकट मुठीची, आत निळी मखमल आणि प्रत्येक कडीला आपापला खळगा. पेटी खाली उतरवली तेव्हा काकांनी नुसतं विचारलं, "कुणाची आहे ही?"

"आपलीच, अहो."

"बरं," म्हणाले आणि गॅलरीत गेले. काकूंना वाटलं, चला, तोही धागा तुटला. एका परीनं बरंच झालं.

त्यांनी मखमल उचकटली. तळाला खुंट्या बसवून त्यावर बोर्ड चढवला, म्हणजे मागचे सोल्डरचे टाके पत्र्याला टेकून शॉर्ट व्हायला नको. कोपऱ्यात पॉवर सप्लाय, त्याच्या बाजूला आडवं पडलेलं कार्ड. मॉनिटरचा पाय काढून पडदा झाकणात बसवला. धक्का लागू नये म्हणून चहूबाजूंनी जाड फोम कोंबला, आणि तिथंच चुकलं. फोमनं पंख्याचा श्वास कोंडला, कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायला लागला. फोम काढला, पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडली. भोकं पाडताना काकांनी पेटी घट्ट धरली होती. का धरलीय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण पकड पक्की होती.

पेटी उचलली की खांदा हातात यायची पाळी. बॅटरी नाही, वायर भिंतीत खुपसली तरच चालणार. पण चालायला लागली! सकाळी गॅलरीत, दुपारी ओट्यावर, संध्याकाळी जिन्याजवळ. शेजारच्या वहिनी वाकून बघायच्या. "अगंबाई, मला वाटलं काकू शिवणकामाला बसल्या!" काका शेजारी बसून पडद्यावरची स्वयंपाकघरं बघायचे. एकदा म्हणाले, "कपाटाला कडी कुठंय?" काकूंनी मुकाट्यानं कडी काढून दाखवली. लेकीचा फोन आला की काकू ठसक्यात सांगायच्या, "बाबा? हे काय, माझ्या मांडीला मांडी लावून बसलेत."

मग शोरूमच्या मालकांचा फोन आला. जरा इकडेच या, गिऱ्हाइकाला जरा समोरच बदल करून हवेत. काकूंनी काकांनाही बरोबर न्यायचं ठरवलं. पेटी बंद केली, मूठ वर करून दाराशी उभी ठेवली आणि काकांचा स्वेटर आणायला आत गेल्या.

बाहेर आल्या तर दार सताड उघडं. काका नाहीत, पेटी नाही.

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माळ्यावरची पेटी काकांना ओळखू आली नव्हती, उघडी पेटीही नाही. पण बंद करून, मूठ वर करून, दाराशी उभी केलेली पेटी? लग्न झाल्यापासून काकू रोज सकाळी ती तशीच ठेवत आल्या होत्या. पेटी दाराशी उभी, म्हणजे कडीवाल्यांनी निघायचं.

काकू पिशवी उचलून, चपला अडकवून धावल्या. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तोंडातली टाचणी काढली. "गेले की! मला म्हणतात कसे, 'काय मास्तर, धंदापाणी?' मी म्हटलं वा, तब्येत सुधारली वाटतं!"

"कुठं गेले?"

"मोठ्या रस्त्याकडं. ऐटीत चालले होते."

मोठा रस्ता. त्यावर गाड्या थांबायचं नाव घेत नाहीत. पिशवीत फोन वाजायला लागला, लेकीचा. काकूंनी तो वाजू दिला. काका इतकी वर्षं रोज पहिला माल दाखवायचे ते रस्त्यापलीकडच्या हार्डवेअरवाल्याला. गाड्यांना हात दाखवत, शिव्या खात त्या पलीकडे गेल्या.

काका तिथंच होते. पेटी काउंटरवर उघडी. रुमाल पसरून त्यावर त्यांनी माल मांडला होता: रॅमच्या दोन पट्ट्या, एक पंखा आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड. कार्ड अडकवून ठेवणारी खीळ न दाबताच ओढल्यामुळे केबलचं टोक फाटून लोंबत होतं.

"हात लावून बघा, मालक," काका म्हणत होते. आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळत नव्हता. कित्येक महिन्यांत काकूंनी तो आवाज ऐकला नव्हता. "नुसतं बघून माल कळत नाही. ही कडी बघा. गंजली तर परत घेतो. आजवर कधी गंजलेली दिली का तुम्हाला?"

"नाही, कडीवाले, कधीच नाही," दुकानदार म्हणाला. त्यानं काकूंना पाहिलं आणि डोळे खाली घातले.

फोन पुन्हा वाजला. आता उचलणं भाग होतं.

"आई, प्लीज, उचलत का नाहीस? बाबा कुठायत?"

"माझ्यासमोर आहेत," काकू म्हणाल्या. तेवढं खरं होतं. "कामात आहेत ते. मग बोलते."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. कार्ड आज चालणार नव्हतं, शोरूमही गेलं. पण त्याचा विचार त्यांच्या मनात धड आलाही नाही. कानात मघाचे हॉर्न वाजत होते. त्यांनी दुकानदाराला हळूच विचारलं, "दाराला आतून लावायची एखादी कडी आहे? सहज उघडणार नाही अशी?"

दुकानदार घुटमळला. काका मात्र वळले, गिऱ्हाइकाकडे वळतात तसे.

"कुणासाठी हवीय, ताई?"

काकू म्हणाल्या, "घरात एक जण आहेत. न सांगता बाहेर जातात."

"लहान मूल?"

"नाही."

"हं." काकांनी हनुवटी चोळली. दुकानदाराच्या खणातून त्यांनी स्वतःच एक कडी काढली, सरकवून पाहिली, परत ठेवली. दुसरी काढली. "ही घ्या. आणि चौकटीच्या अगदी वर लावा. माणूस कडी हाताच्या उंचीवर शोधतो, मान वर करत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि त्यांच्यासमोर लावू नका, ताई. वाईट वाटतं माणसाला."

काकूंनी मान हलवली. दुकानदारानं कडी कागदात गुंडाळली. काकांनी पुडी त्याच्या हातून घेतली आणि दोन्ही हातांनी काकूंच्या पुढे धरली. काकूंनी ती घेतली.