कोरड्या चपला

समुद्रकिनारी निवांत पडलं की माणसाचं मन मोठं होतं, असं आमचा मास्तर बोटीत बसल्यापासून सांगत होता. माझं मन त्या दिवशी जितकं लहान झालं, तितकं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

आम्ही चौघे समुद्रापासून लांब, वडनेर भोलजीच्या बाजूचे, एका वर्गात शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले. एक हा मास्तर, एक खत-बियाण्यांचा दुकानदार, एक मी आणि चौथा माझा शेतशेजारी. अंदमानची टूर मास्तरनं बेटं पाहायला काढलीच नव्हती. माझं आणि शेतशेजाऱ्याचं सहा महिने बोलणं बंद होतं, ते त्याला सुरू करायचं होतं. भांडण धुऱ्याचं होतं. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. वडिलांच्या काळी आमच्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. आता दोन पावलं शेजारी शेजारी ठेवता येत नव्हती. दर नांगरटीला त्यानंच तो कोरला, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी मोजणीचा अर्ज देऊन बसलो होतो. परतल्यावर आठवड्यानं मोजणीवाले येणार होते. चाळीस वर्षांची दोस्ती राहते की जाते हे त्या दिवशी ठरणार होतं, आणि खरं सांगायचं तर ती जावी असंच मला वाटत होतं.

बोटवाल्यानं आम्हाला एका चिमुकल्या बेटावर उतरवलं. चार वाजता येतो म्हणाला आणि सामान वर झाडाखाली ठेवा असंही बजावलं. आम्ही हो हो म्हटलं आणि चपला, टॉवेल अगदी पाण्याच्या कडेला ठेवले. नदीवर आम्ही असंच करतो. बाहेर येताना पाय धुवायचे आणि थेट चपलेत घालायचे, म्हणजे माती लागत नाही. पाणी चढायचं तर वर कुठंतरी पाऊस पडावा लागतो, आणि आभाळात तर ढगाचा ठिपका नव्हता.

शेतशेजाऱ्याला डाव्या कानानं मशीनशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. त्या कानाचं मशीन त्यानं पाण्यात शिरण्याआधी काढलं, डबीत घातलं, डबी रुमालात गुंडाळली आणि चपलेत ठेवली.

बेट सुंदर होतं, हे कबूल करतो. पण मला त्या सौंदर्याचाही राग येत होता. दुकानदार पोट वर करून तरंगत होता. मास्तर ओरडत होता, "बोला बे आता दोघं! घरी जाऊन दगडाशी बोलसान का?" जेवायच्या वेळी शेतशेजाऱ्यानं घरून आणलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. अर्धी भाकरी मोडून त्यानं न बोलता माझ्यापुढं ठेवली. मी ती तशीच खेकड्यांपुढं टाकली. त्यानं पाहिलं आणि मान फिरवली. मला बरं वाटलं.

जेवून तिघंही झाडाखाली आडवे झाले. मी लघवीला झुडपात निघालो. तिथं काटे असतील म्हणून खाली जाऊन माझ्या चपला घालून आलो. परत येऊन झाडाला टेकलो, तेव्हा पाणी टॉवेलांना लागलं होतं.

आधी मला कळेना, पाऊस नाही आणि पाणी चढतंय कसं. मग एक टॉवेल हलला. दुकानदाराची चप्पल वळून तरंगायला लागली. ती डबी कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. धावत गेलो असतो तर वीस पावलंसुद्धा नव्हती. माझा धुरा कोरताना यानं मला हाक मारली होती का, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी बसून राहिलो. त्याची एक चप्पल गेली, मग दुसरी. मग मी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं.

मास्तरच्या बोंबेनं सगळे उठले. त्याला आणि दुकानदाराला हसू आवरेना. अनवाणी विमानात बसू म्हणाले. शेतशेजारी हसला नाही. तो गुडघ्यावर बसून, वाळूत बोटं घालत, बोट येईपर्यंत डबी शोधत राहिला. मीही त्याच्या शेजारी वाकून शोधत होतो. इतकं खोटं काम मी दुसरं केलेलं नाही.

आठवड्यानं मोजणीवाले आले. तिपाईवरचं यंत्र फिरलं, खुणा पडल्या. हद्द निघाली ती माझ्या हरभऱ्यात, दोन हात आत. धुरा माझ्याच बाजूनं कोरला गेला होता. "पार धुऱ्यापर्यंत घे, गवत ठेवू नको," असं दर साली ट्रॅक्टरवाल्याला मीच तर सांगत होतो. आता शेतशेजारी गावासमोर माझी लाज काढणार, अशी माझी खात्री झाली.

मोजणीवाल्यांनी सामान बांधून गाडी काढली, तशी तो माझ्याजवळ आला. डाव्या कानात अजून मशीन नव्हतं.

"मले जमीन नाही पाह्यजे," तो म्हणाला. "वाहत-पेरत जाय तू. एकच सांग. आमच्या सगळ्याइच्या चपला गेल्या. तुह्या कोरड्या कशा राह्यल्या बे?"

मी चपलेनं एक ढेकूळ फोडलं.

"पानी चढतानी दिसलं होतं न तुले?"

विचारून तो उजवा कान माझ्याकडं करून उभा राहिला. त्या कानानं त्याला चांगलं ऐकू येतं. मी दोन पावलं टाकून त्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि हळूच म्हणालो, "हाव, दिसलं होतं."