बिंगोत वाजवणारा डेस

आमचा डेस थर्लवेल इंग्लंडातल्या संडरलँडच्या गोदीत वेल्डिंग करायचा आणि शनिवारी कामगारांच्या क्लबात गिटार घेऊन ब्लूज गायचा. गायचा कसला, भांडायचाच. तारा तोडायचा आणि समोर कुणी गप्पा मारल्या तर गाण्यातच त्याच्या आईचा उद्धार करायचा. मी त्याची बायको. घरीही वेगळं काही नव्हतं.

आमच्याकडे चर्चमध्ये कुजबुज चालते, बिंगोत नाही. पैशांच्या ह्या खेळाचे आकडे पुकारायला लागले की गाणाऱ्यानं मुकाट खाली उतरायचं. त्या शनिवारी डेसला रंग चढला होता. क्लबच्या सेक्रेटरीनं खुणावलं, तर ह्यानं आवाज आणखी वाढवला. हॅरल्ड स्टॉब्ज हा क्रेनवाला शेवटच्या आकड्यासाठी अडला होता. आकडा आला, पण गिटारीच्या कल्लोळात त्याला ऐकूच गेला नाही. बक्षीस पलीकडच्या म्हातारीनं नेलं.

हॅरल्डनं डेसला पाय ओढून पाडलं, त्याचा डावा हात फरशीवर दाबला आणि नाल ठोकलेल्या बुटाची टाच घातली. पुन्हा घातली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. सोडवायला कुणी उठलं नाही.

"बिंगोत वाजवतोस होय रे, भडव्या!" एवढंच काय ते लोक म्हणाले.

बोटं आखडली ती कायमची. तारा दाबता येईनात. डेस भिंतीवर डोकं आपटायचा. "एनिड, मारून टाक मला." मला भीती वाटायची, गिटार सुटली तर हा जगायचा नाही.

करंगळी तेवढी हलत होती. एकदा संतापून त्यानं बाटली ओट्यावर फोडली, तुटलेली मान उचलली आणि बघत बसला. मग तिची कड घासली, करंगळीत घातली आणि तारांवरून सरकवली. कुत्र्याला मार बसावा तसा आवाज निघाला. त्याच आवाजानं त्याला लंडनपर्यंत नेलं. लोक म्हणायचे, काय शैली आहे!

बऱ्याच वर्षांनी आमच्याच क्लबात गाताना त्याला बारपाशी हॅरल्ड दिसला. डेस गाणं टाकून उतरला. करंगळीत काच घातलेला डावा हात वर गेला. मी किंचाळले, "डेस, नको रे!"

त्यानं त्या हाताकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि उजव्या हातानं हॅरल्डचं नाक फोडलं.

"डावा कामाचा आहे," तो म्हणाला आणि परत गायला वर चढला.

हॅरल्ड नाकाला रुमाल लावून शेवटपर्यंत बसला. बिंगो पुकारला, तेव्हा मात्र डेस ओळ अर्धी सोडून मुकाट खाली आला.