मिठाची हाक

दोन जावा एका चुलीपाशी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया आपोआप वर जातात. इथे तर चूलही नव्हती, चांगली माणूसभर खोल भट्टी होती, आणि तिच्यापाशी दोन जावांचा उभा जन्म गेला होता. थोरलीला सगळा रस्ता आक्का म्हणायचा. धाकटीला सगळा रस्ता धाकटीच म्हणायचा. तिचे केस पांढरे झाले, पण त्या नावाला काही वय चढलं नाही.

कामं वाटलेली होती. पीठ चाळायचं, खमीर भिजवायचं आणि भट्टी सांभाळायची हे धाकटीकडे. मळायचं आणि मीठ घालायचं आक्कानं. धाकटीच्या नवऱ्यानं, म्हणजे आक्काच्या भावजींनी, सायकलवरून पाव पोचवायचे आणि दोघींच्या मधे तोंड घालायचं नाही. आक्काचे यजमान होते तोवर त्यांच्याकडेही हे दुसरं काम होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत चोख केलं.

मिठाची एक रीत सासूबाईंनी घालून दिली होती. जिनं मीठ घातलं तिनं मोठ्यानं म्हणायचं, "मीठ." दुसरीनं असेल तिथून म्हणायचं, "ऐकलं." कारण मीठ एकदा पिठात गेलं की डोळ्यांना दिसत नाही, कळतं ते जिभेलाच, आणि ती जीभ गिऱ्हाइकाची असते. सासूबाई गेल्या, हाक राहिली. एकदा दोघींचं दुकानाच्या पडद्याच्या रंगावरून कडाक्याचं वाजलं, तेव्हाही "मीठ" आणि "ऐकलं" एवढे दोनच शब्द त्या घरात आठवडाभर बोलले गेले. पाव उत्तम झाले.

चर्चचा पावही याच भट्टीतला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, आणि त्यासाठी आदल्या संध्याकाळी आक्का एक मोठा गोल पाव करायची. तो आधी चाखायचा नाही, ही पण सासूबाईंचीच शिस्त. पाळकसाहेब तो अख्खा पाव सगळ्यांसमोर मोडत. ज्याला तुकडा मिळाला त्यानं तो हातात घेऊन जागेवर जायचं आणि शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत थांबायचं. मग सगळ्यांनी एकदमच खायचा. गुडघे धरून चालणारी माणसं सावकाश येत, सावकाश जात, आणि तोवर पहिल्या बाकावरची तरणीताठी मंडळी तळहातावरचा तुकडा सांभाळत बसत. आक्काला ते थांबणं फार आवडायचं. तिचे पाव लोक जन्मभर बसथांब्यावर उभ्या उभ्या, एक डोळा रस्त्याकडे ठेवून खात आले होते. दुसऱ्याला मिळेपर्यंत थांबून खाल्ला जायचा तो हा एकच.

दोघी जावा खांबाजवळच्या बाकावर बसायच्या, गायनाचं पुस्तक दोघींत एक. यात एक गोम होती. आक्काला अलीकडे अक्षरं धड दिसत नव्हती. पानावर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, धाकटीलाही नाही. पण धाकटी काय ते समजून चुकली होती. प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या जरा आधी ती पहिले शब्द पुटपुटायची, जसं काही स्वतःशीच. त्या आधारावर आक्का असं दणदणीत गायची की लोकांना वाटे, हिला सगळं पुस्तक पाठ आहे. आक्कानं कधी "का पुटपुटतेस" विचारलं नाही आणि धाकटीनं कधी "दिसत नाही का" विचारलं नाही. घरोबा म्हणतात तो हाच असावा.

असं सगळं छान चाललं असताना नर्सबाई निवृत्त झाल्या.

नर्सबाई म्हणजे गुणी बाई. जन्म इस्पितळात गेला, त्यामुळे त्यांना माणसाआधी त्याचे हात दिसत. त्या म्हणाल्या, पाळकसाहेबांबद्दल आदरच आहे, पण पाव मोडण्यापूर्वी ते दारात उभं राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करतात. त्यापेक्षा पावाचे छोटे तुकडे आधीच कापून, झाकून ठेवावेत. दुसरी बाजू म्हणाली, तुकडेच करून आणायचे तर मोडायचं काय? एकाच पावातला वाटा सगळ्यांना, यातच सगळं आलं. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, आणि भांडणाला याहून चांगलं खतपाणी नाही. हात वर करून मतं घ्यायची ठरली. तुकड्यांच्या बाजूनं जे हात वर झाले त्यांत मनगटापर्यंत पीठ लागलेला एक हात होता. धाकटीचा.

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस," आक्का घरी येऊन म्हणाली, "आणि आता हात घाण झाले?"

"आक्का, तुमचे नाही हो. साहेबांचे."

"साहेबांना सांगू का तसं?"

"सांगा की. आणि यांना गेल्या थंडीत कुणाचा खोकला लागला तेही विचारा."

भावजी सायकलला हवा भरायला बाहेर गेले. सायकलीत हवा होती.

मतं अर्धी अर्धी झाली. म्हणून चर्चमध्ये दोन रांगा झाल्या, डावीकडे अख्ख्या पावाची, उजवीकडे तुकड्यांची. रांगांच्या मागोमाग बाकं वाटली गेली. धाकटी उजवीकडे गेली. खांबाजवळ आक्का एकटी राहिली, आणि पुस्तक उघडं धरून तोंड मिटून नुसती गुणगुणू लागली. लोक म्हणाले, आक्काचा घसा बसला. आक्का म्हणाली, "हो, बसलाय."

बेकरीत मात्र आठवडाभर सगळं नेहमीसारखं. हाक, उत्तर, थट्टा, टोमणे. फक्त चर्चच्या पावाचं पीठ मळायला घेतलं की कुठल्याही शब्दावरून ठिणगी पडायची. शेवटी आक्कानंच ठरवून टाकलं, "या पिठावर बोलायचं नाही. एक शब्द नाही." धाकटी म्हणाली, "नाही तर नाही." तेव्हापासून ते एकच पीठ मुक्यानं मळलं जाई. त्याचे दोन पाव होत. एक अख्खा राही, दुसरा नर्सबाई येऊन घेऊन जात आणि हातमोजे घालून कापत.

अशाच एका शनिवारी आक्का चर्चचं पीठ मळायला बसणार, तोच समोरच्या दुकानातले घड्याळजी दारात आले. हे चर्चचे पंच. बोलायचेही घड्याळासारखे, न थांबता.

"आक्का, उद्या उपासनेनंतर ठराव मांडतोय. दोन उपासना. अख्ख्या पाववाल्यांची सकाळी लवकर, तुकडेवाल्यांची नंतर. प्रौढ मंडळी भांडत नाहीत, सामंजस्यानं वेगळी होतात."

"भांडायला समोर माणूस तरी लागतं," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. आणि तुम्ही कुठल्या उपासनेला?"

"मी दोन्हीकडे. वेळ कोण बघणार?"

आक्का आत आली तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच फिरत होतं की आता धाकटी त्या बाजूच्या बाकावरही दिसणार नाही. आतापर्यंत निदान तिचा आवाज तरी पलीकडून येत होता. कान देऊन ऐकलं तर अर्धी ओळ सापडायची. मनातल्या मनात ती म्हणत होती, उद्याचं शेवटचं. धाकटी मागच्या बाजूला लाकडं आणायला गेली होती. आक्कानं मिठाची मूठ घेतली, पाण्यात सोडली आणि मळायला लागली. हाक ओठापर्यंत आली. ती तिनं गिळली. पीठ त्या रात्री आळसावल्यासारखं फुगलं. थंडीमुळे असेल, असं आक्का स्वतःला म्हणाली, आणि खरं तर थंडी नव्हती.

रविवारी पाळकसाहेबांनी अख्खा पाव मोडला. नर्सबाईंनी झाकण काढलं. दोन रांगा आल्या, गेल्या. सगळ्यांना मिळाला. थांबणं झालं. साहेबांनी खूण केली आणि सगळ्यांनी आपापला घास तोंडात घातला.

आधी शांतता झाली. मग ती जराशी विचित्र झाली. चर्चमध्ये घास थुंकता येत नाही, चर्चमध्ये तोंडही वाकडं करता येत नाही, पण जिभेला पंचांचे नियम माहीत नसतात. डाव्या बाजूचे लोक डोळे मिटून बसले. भक्तीनं नव्हे. मग एकेकाच्या मनात आलं, हे त्या बाजूच्यांचं काम, आणि त्यांनी डोळे किलकिले करून उजवीकडे पाहिलं. उजवीकडचेही तोच संशय घेऊन डावीकडे बघत होते. आणि कित्येक महिन्यांनी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या तोंडावर एकच भाव दिसला. घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. द्राक्षरसाच्या पेल्यांकडे त्या दिवशीइतक्या ओढीनं त्या मंडळींनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. साहेबांना पुढचं वाक्य म्हणायचं होतं, ते त्यांना जमेना.

आक्का उभी राहिली.

"मीठ जास्त झालंय. मी घातलं. मला क्षमा करा सगळ्यांनी."

"आक्का, बसा तुम्ही," उजवीकडून आवाज आला. धाकटी उभी होती. "मीठ मी घातलं."

"तू कशी घालशील? मिठाला हात माझा."

"तुम्ही दारात बोलत होतात. मला वाटलं, ते ठरावाचं ऐकून विसराल आज मिठाचं. म्हणून मी पाण्यात घालून ठेवलं आणि लाकडं आणायला गेले."

"मग हाक का नाही दिलीस?"

"तुम्हीच म्हणालात, एक शब्द नाही."

कुणीतरी खोकलं. आपणही हाक गिळली होती, हे आक्काला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथेच गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"मीही नाही दिली," ती म्हणाली. "आली होती तोंडात. तू आधी बोलावंस म्हणून नाही दिली. एवढी म्हातारी झाले, पण रुसवा काही जात नाही बघ." मग खालच्या आवाजात, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि घसाबिसा काही बसलेला नाही. मला अक्षरं दिसत नाहीत. ही सांगायची म्हणून गात होते."

धाकटीनं आपली पिशवी उचलली आणि मधली वाट ओलांडून खांबाजवळ आली. "सरका," ती म्हणाली. आक्का सरकली.

पाळकसाहेबांनी कसाबसा घास गिळला. त्यांचं प्रवचन त्या दिवशी आत्मिक प्रौढपणावर होतं, चांगलं जाडजूड, आठवडाभर तयारी केलेलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, दोघी जावांकडे पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"गीत घेऊ," ते म्हणाले. "आणि पेले आधी द्या, नाहीतर गाता येणार नाही."

गीताच्या प्रत्येक ओळीआधी खांबाजवळून पुटपुट ऐकू येत होती. आता सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून धाकटीनं ती लपवलीही नाही. आक्का अशी काही गायली की पेटीवाल्याला भाता जोरानं मारावा लागला.

उपासना संपल्यावर घड्याळजी ठरावाचा कागद हातात घेऊन उभे राहिले. "ठराव," ते म्हणाले, आणि घशाला कोरड पडून पुढे गप्प झाले.

"आधी पाणी प्या," नर्सबाई म्हणाल्या. "इतकं मीठ रक्तदाबाला चांगलं नाही."

पाणी प्यायला सगळेच आवारातल्या नळाकडे गेले आणि तिथेच घोळक्यानं बोलत राहिले. ठराव राहून गेला. पुढल्या महिन्यात घेऊ म्हणाले, पुढल्या महिन्यात पेटीच्या भात्याचा विषय निघाला.

दोन रांगा मात्र अजून आहेत, हे सांगितलं पाहिजे. धाकटी अजूनही तुकडाच घेते, आक्का अजूनही मोडलेलाच घेते, आणि घरी येताना त्यावरून दोघींची जुंपते. पण घेऊन दोघी एकाच बाकावर येतात. हळूहळू इतरांनीही आपापली जुनी बाकं धरली, कारण माणसाला मताइतकीच जागेचीही सवय असते. पाळकसाहेब आता पाव मोडण्याआधी सगळ्यांदेखत हात धुतात. नर्सबाई टॉवेल धरतात.

आणि चर्चच्या पिठावर हाक पुन्हा सुरू झाली. आक्का आता ती जरा जास्तच मोठ्यानं देते. गेल्या शनिवारी तिनं भट्टीपासून आवाज दिला, "मीठ." धाकटी आत फळ्या झाडत होती, तिला ऐकू गेलं नाही. आक्का थांबली, हात पिठात तसाच. पुन्हा हाक द्यावी की उठून बघावं, असा विचार करत असताना रस्त्यापलीकडून, डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी घड्याळ उघडून बसलेल्या माणसाचा आवाज आला,

"ऐकलं हो, ऐकलं."