कोमट, पण कशापेक्षा

बालवर्गाच्या बाईंना पाठीमागे सगळे कोमटबाई म्हणत, आणि पाठीमागे म्हणत असले तरी बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्याचं त्यांना ना वाईट वाटे ना बरं. नाव पडायचं अर्धं कारण तेच होतं. एकदा नळ फुटून वर्गात पाणी शिरलं, तेव्हा बाई "पाय वर घ्या" एवढंच म्हणाल्या आणि कासवाची गोष्ट पुढे सांगत राहिल्या. धाकट्या बहिणीला जुळं झाल्याचा फोन आला, तेव्हाही त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि फोन ठेवून कासवाकडे वळल्या. दोन्ही वेळा आवाज सारखाच होता.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे तीन टबांचा धडा. थंडी सरून ऊन चढायला लागलं, की बाई बाकं भिंतीला लावून वर्गाच्या मधोमध तीन टब मांडायच्या. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. तिन्ही टब पिवळे आणि एकाच मापाचे. गरमाला लाल आणि गाराला निळा टब घ्यावा, अशी सूचना दरवर्षी कुणीतरी नवीन शिक्षिका हौसेने करायची. बाई ती शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पिवळेच टब काढायच्या. रंग दिला की पोरं डोळ्यांनी उत्तर देतात आणि हात कोरडाच राहतो, असं त्यांचं मत होतं.

मुलाने एक हात गरमात घालायचा, एक गारात, आणि मग दोन्ही मधल्या टबात. गरमातून आलेला हात म्हणे, हे गार आहे. गारातून आलेला म्हणे, गरम आहे. पाणी एकच, हात एकाच पोराचे, आणि भांडण जुंपलेलं. पोरं स्वतःच्या हातांकडे अशी बघत बसायची, की हे दोघं आपल्याकडे कधी राहायला आले.

तेवढ्यात बाई विचारायच्या, "गरम कशापेक्षा?"

हा प्रश्न हीच बाईंची आयुष्यभराची कमाई. नुसतं गरम किंवा नुसतं गार असं काही नसतं, ते कशापेक्षा तरी असतं, हे पोरांच्या डोक्यात उतरेपर्यंत त्या विचारत राहायच्या. त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही ओळखू येतात. दुकानात कुणी "फार महाग आहे हो" म्हटलं, की गल्ल्यामागचा माणूस नकळत "कशापेक्षा?" म्हणून जातो आणि गिऱ्हाईक तोडून बसतो.

घरी या प्रश्नाचा त्रास एकट्या नवऱ्याला व्हायचा. तो धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होता आणि निवृत्त होईपर्यंत इस्त्रीवरच राहिला. बोट जिभेला लावायचं, तापलेल्या इस्त्रीला टेकवायचं, चर्र आवाज ऐकायचा आणि कापडाला हात घालायचा, ही त्याची जन्माची सवय. त्याच्या बोटांची कातडी आता चपलेच्या तळासारखी झाली होती. शेगडीवरून नुकताच उतरलेला चहा तो तोंडाला लावायचा आणि म्हणायचा, "गार झालाय."

"कशापेक्षा?" बाई विचारायच्या.

तो चहा परत शेगडीवर ठेवायचा. संसार इतकी वर्षं असाच बरा चालला होता.

या थंडीत मात्र बाईंच्या बोटांनी बोलणं टाकलं. आधी टाचणी टोचल्याचं कळेना, मग शर्टाचं बटण हातात आहे की नाही ते कळेना. एके सकाळी त्यांनी दुधाचं तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि ओट्यावर नीट नेऊन ठेवलं. नवरा ओरडला म्हणून त्यांनी तळवे पाहिले. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार जुना आहे, त्याने नसा गेल्यात. हातांची संवेदना बरीच कमी झालीय.

"कशापेक्षा?" बाईंच्या तोंडून गेलं.

"गेल्या वर्षीपेक्षा," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीपेक्षा जास्त आहे, असं समजून वागा."

उत्तर चोख होतं. बाईंना ते अजिबात आवडलं नाही.

शाळेत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्याला कारण होतं खडूबाई. खडूबाई पूर्वी पहिलीला शिकवायच्या. त्यांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांना सन्मानाने सामानाच्या खोलीत बसवण्यात आलं. खुर्चीला गादी लावून दिली. तिथे त्या खडूंच्या पेट्या सांभाळतात आणि कुणी खडू मागायला आलं तर त्याला सोडत नाहीत, कारण दिवसभरात दुसरं माणूस येत नाही. बाईंनी ती गादी पाहिली होती. हात मुके झाल्याचं कळलं, तर आपल्यासाठीही तशीच गादी शिवली जाणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. बाईंना भीती अशी कशाचीच वाटत नसे, पण त्या गादीची वाटायची, आणि ती कोमट नव्हती.

वर्गात त्यांनी निभावून नेलं. अडचण एकच होती, तीन टबांची. शाळेत शेगडी नव्हती. गरम पाणी बाई थर्मासमधून घरून आणायच्या आणि टबात ओतून, बोट बुडवून, गार पाणी मिसळत मिसळत मुलांना सोसेल असं करायच्या. आता बोटाला विचारून उपयोग नव्हता. कोपर बुडवलं असतं तर कळलं असतं, कोपर अजून शाबूत होतं. पण शाळेच्या मावशी टब भरायला तिथेच उभ्या असत, आणि मावशींना एखादी गोष्ट कळणं म्हणजे घंटा वाजवून सांगणंच. म्हणून बाईंनी ठरवलं, पाणी घरूनच बेतशीर करून न्यायचं.

"अहो, एवढं पाणी बघून द्याल का?" धड्याच्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लहान मुलांचे हात आहेत. कोमटाच्या जरासं वर हवं."

नवऱ्याला आजवर कुणी शाळेच्या कामाला लावलं नव्हतं. तो धुतलेला शर्ट घालून शेगडीपाशी उभा राहिला. पाणी तापवलं, त्यात गार ओतलं, बोट बुडवलं, मान हलवली, पुन्हा थोडं गार ओतलं, पुन्हा बोट. कारखान्यातल्या साहेबाचा कोटही त्याने इतक्या निगुतीने कधी केला नसेल.

"झालं," तो म्हणाला. "मस्त कोमट आहे. अगदी तुझ्यासारखं."

इतक्या वर्षांच्या संसारात तो असलं काही पहिल्यांदाच बोलला होता. बाईंच्या कानशिलांना ऊब आली. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि निघाल्या. जो प्रश्न त्या दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना विचारायच्या, तो त्या सकाळी विचारायचा राहून गेला.

वर्गात टब मांडले गेले. मावशींनी गार पाण्याचा टब भरला, बाईंनी थर्मास रिकामा केला, मधल्या टबात दोन्हीकडचं थोडं थोडं घातलं. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे वाफ दिसेल अशी हवाही नव्हती. तिन्ही पाणी शहाण्यासारखी सारखीच दिसत होती, आणि तशीच दिसावीत म्हणून बाई वर्षानुवर्षं झटल्या होत्या.

पोरांची रांग लागली. सगळ्यांत पुढे वकील उभी होती.

वकील म्हणजे चार वर्षांची एक मुलगी, दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर कायम एक आठी. तिला कुठलीही गोष्ट सांगितली की ती पुरावा मागायची. कासव जिंकलं असं सांगितलं, तर कुणी पाहिलं ते सांगा म्हणायची. बाईंचा प्रश्न तिने पहिल्याच आठवड्यात उचलला आणि तेव्हापासून तो बाईंनाच परत करायला लागली. "शांत बसा" म्हटलं की "कशापेक्षा?" "आज तू उशिरा आलीस" म्हटलं की "कशापेक्षा?" खरं सांगायचं तर बाई तिला कंटाळल्या होत्या. तिचं शाळेत न येणं त्यांना अधूनमधून आवडलं असतं.

नियम असा होता, की आधी बाईंचा हात, मग मुलांचा. बाईंनी उजवा हात मनगटापर्यंत गरम पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. हात काही बोलला नाही.

"हे तिन्हींतलं गरम," त्या म्हणाल्या. "गरम म्हणजे कोमटच आहे म्हणा. ये, घाल हात."

वकिलाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"कोमट कशापेक्षा?"

"उकळत्या पाण्यापेक्षा," बाई म्हणाल्या. "ये लवकर, मागे मुलं थांबलीत."

वकील पुढे आली नाही. ती टबावर वाकली आणि पाण्यातल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने बाईंच्या मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा पाण्यातल्या.

"मग हा हात त्या हातापेक्षा लाल का?" तिने विचारलं.

बाईंनी हात बाहेर काढला. तो मनगटापर्यंत लालभडक झाला होता, बांगडी भरावी तशी रेघ उमटली होती आणि तिच्या वर बाईंचा नेहमीचा रंग सुरू होत होता. बाईंनी कोपर पाण्याला टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. कोपराने जे सांगितलं ते सगळं त्यांना एकदम कळलं.

"सगळ्यांनी भिंतीला जाऊन बसा," त्या म्हणाल्या. आवाज नळ फुटला होता तेव्हाचाच होता. सगळे भिंतीला बसल्यावर त्यांनी तो टब स्वतः उचलला, मोरीत नेऊन रिकामा केला आणि मावशींना वर्गात बसवून त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिका बाईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण शाळेत त्यांना मोठ्या बाईच म्हणत.

बाईंनी हात टेबलावर ठेवला. "हा पोळणाऱ्या पाण्यात होता, आणि मला कळलं नाही. थंडीपासून कळत नाहीये. मी लपवलं. आज त्या पोरीने हात घातला असता तर तिचा हात गेला असता." त्यांनी दम घेतला. "मला सामानाच्या खोलीत बसवा. मी आपणहून सांगतेय."

मोठ्या बाईंनी आधी त्यांना नळाखाली हात धरायला लावला, आणि तो तिथे बराच वेळ धरून ठेवला. बाईंना नळाचंही काही कळत नव्हतं, पण त्यांनी हात काढला नाही.

"लपवलंत ते चूक केलंत," मोठ्या बाई म्हणाल्या. "फार मोठी चूक. ते मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगणार आहे."

"सांगा."

"सामानाच्या खोलीत जागा नाही. खडूबाई आहेत. दोघींना तिथे ठेवलं तर खडू मागायला कुणी फिरकणार नाही." त्यांनी नळ बंद केला. "इथून पुढे तुमच्या वर्गात पाणी येईल ते माझा हात लागल्याशिवाय येणार नाही. घरचा थर्मास बंद. आणि तुम्ही पाण्याला शिवायचं नाही."

बाई "बरं" म्हणाल्या. मग दारापाशी त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या. मोठ्या बाईंनी अशा वेळी काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे टेबलावरचे कागद सरळ केले.

घरी नवऱ्याने बँडेज पाहिलं आणि सगळं ऐकून तो खुर्चीत खाली बसला.

"कोमट म्हणालात ना," बाई म्हणाल्या. "कशापेक्षा?"

त्याने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"इस्त्रीपेक्षा," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने चहा घेतलाच नाही.

धडा पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला. मोठ्या बाई बाही दुमडून मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या आणि एकेका टबात कोपर बुडवून गंभीरपणे मान हलवत होत्या. बाई बँडेजचा हात मांडीवर ठेवून बाजूला बसल्या आणि तोंडाने शिकवत राहिल्या. हातांची भांडणं जुंपली. पोरं स्वतःच्या हातांकडे नेहमीसारखीच बघत बसली.

वकिलाने दोन्ही हात मधल्या टबात घातले, दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की दोघंही खरं बोलताहेत पण दोघंही अर्धंच सांगताहेत. मग ती ओल्या हातांनी बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुमचा हात काय म्हणतो?"

"माझा हात काही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं बोलणं बंद झालंय."

वकिलाला हे पुराव्याशिवाय मान्य होणार नव्हतं. तिने बाईंचा बँडेज नसलेला हात उचलला, आपल्या दोन तळव्यांमध्ये धरला आणि कपाळाला आठी घालून वाट पाहिली. मागची रांग थांबली. बाईंना ते इवलेसे हात दिसत होते, पण ते लागत नव्हते.

"गार आहे," वकील शेवटी म्हणाली.

प्रश्न विचारल्याशिवाय बाईंना राहवणार नव्हतं.

"कशापेक्षा?"

"माझ्यापेक्षा," वकील म्हणाली, आणि हात सोडला नाही.

"बरोबर," बाई म्हणाल्या.