मिठागरावरचे पाय

पेणच्या खाडीलगत जी थोडी मिठागरं अजून उरली आहेत, त्यातल्या एकावर सगुणा तीस वर्षं काम करते आहे. लग्न होऊन आली त्या पहिल्याच हंगामात तिच्या टाचा फुटल्या. नव्या वाफ्याचा चिखल दिवसभर अनवाणी तुडवायचा आणि खारं पाणी त्या भेगांत शिरायचं. ती रडायला लागली तेव्हा सासू भागुबाईने तिला गोड्या पाण्याच्या पिंपाजवळ बसवलं, पाय धुतले आणि कोकमतेल चोळलं. "मीठ वाफ्यात ठेवायचा, अंगावर घेऊन झोपायचा नाय," ती म्हणाली.

सगुणाने ते मनावर घेतलं. म्हसळ्याकडून कोणी येणार असलं की रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया मागवायची. त्या उन्हात वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगलेलं तेल निवलं की मुठीने दाबून त्याचे पांढुरके गोळे वळायचे. काम सुटलं की पिंपाजवळ बसून ती पाय धुवायची आणि गोळा तळव्यावर घासायची. चेहऱ्याला नारळाच्या दुधात कालवलेलं मसूरडाळीचं पीठ लावायची, तेही भर मिठागरावर, सगळ्यांदेखत.

"सिनेमात जातेस काय गो?" बरोबर काम करणारी मनुबाई मोठ्याने विचारायची आणि बायका खिदळायच्या. सगुणाही हसायची, पण हात थांबवायची नाही. हळूहळू एकेक बाई तिच्याजवळ टेकायला लागली. पाय पुढे करायला लाज वाटते हे ओळखून ती आधी गप्पा काढायची आणि बोलता बोलता पाय मांडीवर घ्यायची. मनुबाई मात्र कधी बसली नाही.

गेल्या मार्चमध्ये बांधावरून जाताना सगुणाला ओल्या पावलांचा माग दिसला. दर दुसऱ्या पावलात लाल ठिपका होता. माग मनुबाईपाशी संपत होता.

"पाय दाखव."

"काय बी झाला नाय मना."

सगुणाने तिला खांद्याला धरून बांधावर बसवलं. टाचेत कालवाच्या शिंपल्याचा तुकडा रुतला होता आणि भोवतीची कातडी काळी पडली होती. सगुणाने कडेला दाबून पाहिलं. मनुबाई समोरच्या वाफ्याकडे बघत होती. तिला दाबल्याचं कळलंही नव्हतं.

सगुणाने पुन्हा, जोराने दाबलं. "दुखत नाय?"

"नाय सांगतंय ना! तुझा तेल लाव आनि सोर मना."

तेलाची डबी सगुणाच्या कमरेलाच होती. तिने ती काढली नाही. "माझा तेल भेगांचा हाय. दुखायला पायजे ते दुखत नाय, हा डाक्तरचा काम."

मनुबाईने शिव्या घातल्या, ऐन हंगामात घरी बसणार नाही म्हणाली. सगुणाने तिकडे लक्ष न देता आपल्या सुनेला, कल्पिताला, फोन लावला. कल्पिता स्कूटर घेऊन आली आणि मनुबाईला मध्ये बसवून दोघींनी तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली; त्यानेच पाय बधिर झाला होता. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल कापावं लागलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग सगुणाने त्यांना आपल्या तेलाबद्दल विचारलं. तळव्याला लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको. तिथे ओल राहून कातडी कुजते, असं उत्तर मिळालं. तीस वर्षं ती बेचक्यांत आवर्जून तेल चोळत आली होती. दुसऱ्या दिवशी पिंपाजवळ तिने सगळ्यांना सांगितलं, "मी चुकत होतंय. आजपासून बोटांमधी कोरडा फडका." इतकी वर्षं गुरुपद मिळालेल्या बाईने हे असं सहज, चारचौघींत कबूल केलं.

जखम भरायला दोन महिने लागले. पट्टी बदलायच्या दिवशी मनुबाईला दवाखान्यात न्यायला सगुणा काम सोडून जायची, आणि वाटभर तिची कुरकुर ऐकायची.

यंदा मनुबाई गमबूट घालून मिठागरावर आली आहे. "पाय उकडतात गो यात," असं दिवसातून दहादा म्हणते. काम सुटलं की बूट काढते, कल्पिताने दिलेला छोटा आरसा तळव्याखाली धरून टाच निरखते आणि मग नाइलाज असल्यासारखा पाय सगुणाच्या मांडीवर ठेवते.

"नीट पूस," ती दरडावते. सगुणा फडका घेऊन एकेक बेचकं कोरडं करते.